समेलाच खाली

डाकारहून त्रेचाळीस सेकंद आले.
पाठवणारा मोदू, शिंप्याचा भाचा,
सोबत एवढंच: मामा, कामावर.
पायमशीन चालतं, थांबतं, चालतं,
मग दातांनी दोरा तोडल्याचा बारीक आवाज
आणि एक शब्द, जो मला कळत नाही
आणि जो मी कुणाला विचारलेलाही नाही.

त्याआधी तिबिलिसीहून
नाणं टाकल्यावर चालणारी लिफ्ट आली होती,
चिलीतल्या कुठल्याशा बंदरावरचं कुत्रं,
नॉर्वेतल्या एका बाईंचा गोठलेला तलाव,
जो रात्री तडकतो तेव्हा
रिकाम्या घागरीत तोंड घालून हाक मारावी तसा वाजतो.
सगळे आपापल्या फोल्डरात निजलेले.
डाकार मात्र बोटांवर आलं.
टेबलावर मोजत बसले, कुकर विसरून:
तीन, दोन, दोन.
रूपक.
मामांना कुणी सांगितलं नसणार
की या तालात समेला टाळी नसते,
पहिल्याच मात्रेला हात उताणा पडतो,
रिकामा.

त्या रिकाम्या जागेसाठी पुणं धुंडाळलं.
टिंबर मार्केटातली करवत: सूर चढा, आणि गर्विष्ठ.
पर्वतीच्या पायऱ्यांवरची निवृत्त धाप:
लय बरी, पण मध्येच पेन्शनवर बोलते.
बोहरी आळीत पत्र्याच्या डब्यांचा ढीग कोसळला
तेव्हा नेमकी बॅटरी संपलेली.

शेवटी दळण.
घोरपडे पेठेत दस्तगीरभाईंची गिरणी.
पाच किलो बाजरी, जरा जाडसर,
आणि हे इथे ठेवू का, म्हणून विचारलं.
वीजबोर्डाचं आहे का, म्हणाले. नाही म्हटल्यावर: ठेवा.
मोटर, घरघर, दाणा फुटत जाणं,
आणि त्या सगळ्याच्या तळाशी
पट्ट्याचा जोड, दर फेरीला चाकावरून जाताना:
टप.

रात्री दोन्ही एकाखाली एक लावले.
डाकारच्या खालीवर पेठेतली टप.
अगदी बसत नव्हती, केसभर उशीर,
पाहुणा उंबऱ्याशी चपला काढताना रेंगाळतो तसा.
संगणक एका क्लिकमध्ये सरळ करून देत होता.
नको म्हटलं.
दोघांच्याही मागे गिऱ्हाईकं घाई करतच असतात,
त्यात माझी कशाला.

दस्तगीरभाईंना ऐकवलं.
कानांवर हेडफोन, पापण्यांवर पीठ,
डोळे मिटून पूर्ण चार मिनिटं.
लिफ्ट आली तेव्हा मान वर,
तलाव आला तेव्हा हळूहळू खाली.
मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.
म्हणाले,
पट्टा बदलायला झालाय.

सोमवारी बदललाही.
नवा, अखंड, बिनजोडाचा.
आता दळण होतं आणि कानाला काही सापडत नाही.
जुना मागितला, तर सुतळीने बांधून दिला,
वर बजावलं: नुसता वाजत नाही तो, चाक लागतं.

म्हणजे ती टप आता
घोरपडे पेठेत नाही.
माझ्या एका फाइलीत आहे,
आणि परवा कळलं, डाकारच्या त्या दुकानात.
मोदू लिहितो: मामांना ऐकवलं.
मामांनी मशीनवरचा पाय काढला,
दाराकडे बघत राहिले,
कुणीतरी ठोठावतंय, म्हणाले, बघ जरा.
आणि मी वेड्यासारखा उठून बघून आलो.
कोण आहे म्हणून सांगू त्यांना?

चार दिवस झाले.
पट्टा, लिहिते. पुसते.
पुणे, लिहिते. पुसते.
ओट्यावरच्या डब्यात त्या दिवसातलं
किलोभर पीठ अजून आहे,
कडवट झालेलं, टाकवत नाही.

बाजरी आहे, म्हणावं.
तिकडेही पिकते, ओळखतील.
दार उघडा.